कागदावरची चिनी आणि तोंडातली चिनी

रसिक : बीजिंगचा माणूस आणि ग्वांगचौचा माणूस समोरासमोर बसून आपापल्या घरच्या बोलीत बोलू लागले, तर एकाचं अवाक्षर दुसऱ्याला कळणार नाही. पण दोघांमध्ये एकच वर्तमानपत्र ठेवा, दोघंही ते घडाघडा वाचतील. एवढ्या अफाट प्रदेशात ही किमया दुसऱ्या कुठल्या लिपीने केली आहे? इसवी सनापूर्वी 221मध्ये छिन सम्राटाने उरलेली राज्यं जिंकली आणि त्याचा मंत्री ली स याने राज्याराज्यांतली अक्षरांची वेगवेगळी वळणं मोडून एकच वळण ठरवून दिलं. त्यानंतर मंगोल आले, मांचू आले, देश कितीदा फुटला. अक्षर फुटलं नाही. रोमन साम्राज्य कोसळलं तेव्हा लॅटिनच्या पोटातून फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश निघाल्या, आणि ध्वनीवर चालणारी लिपी प्रत्येकीच्या उच्चारामागे गेली. चीनमध्ये उच्चार बदलत राहिले, अक्षर जागेवर राहिलं. म्हणून वू, युए (म्हणजे कँटनीज), मिन, हक्का, श्यांग, कान अशी मोठमोठी कुळं असूनही चिनी माणूस त्यांना ‘फांगयान’ म्हणतो, म्हणजे त्या त्या ठिकाणची बोली. भाषा तो एकच मानतो.

चिकित्सक : वर्तमानपत्र दोघंही वाचतात, मान्य. पण ते लिहिलंय कुणाच्या भाषेत? हाँगकाँगच्या घरातलं एक साधं वाक्य घ्या : ‘ते घरी नाहीत.’ मूल आईला सांगतं, ‘खेउइ-तेइ म् हय उक-खेइ.’ हेच बीजिंगचं मूल म्हणेल, ‘था-मन पू चाय च्या.’ ‘ते’, ‘नाही’, ‘असणे’, ‘घर’, यांतला एकही शब्द दोन वाक्यांत सारखा नाही. आता हाँगकाँगचं ते मूल शाळेत निबंध लिहायला बसतं. तिथे त्याला आपलं वाक्य लिहून चालत नाही. ते बीजिंगचं वाक्य लिहितं आणि मोठ्याने वाचताना त्याला कँटनीज उच्चार देतं : ‘था-मुन पत चोय का.’ असं त्याच्या घरात कुणीही, कधीही बोलत नाही. म्हणजे दोन बोलींना जोडणारं कुठलं तटस्थ माध्यम त्या मुलाला मिळालेलं नाही. ते एक दुसरी भाषा शिकलंय आणि तिला आपल्या गळ्याचा आवाज दिलाय. बीजिंगच्या मुलाला हे कष्ट पडत नाहीत.

आणि लिपी एक म्हणून भाषा एक, हा निकष लावायचा तर व्हिएतनामीलाही चिनीची बोली म्हणावं लागेल. व्हिएतनामच्या दरबारात शतकानुशतकं चिनी अक्षरांत, चिनी अभिजात भाषेत कारभार चालला. तिथल्या शेवटच्या राजपरीक्षा 1919मध्ये झाल्या. व्हिएतनामी, कोरियन आणि चिनी विद्वान एकमेकांशी बोलू शकत नसत, पण कुंचला घेऊन कागदावर लिहून संवाद करत. त्यावरून ते सगळे एकच भाषा बोलत होते असं कुणी म्हणत नाही.

रसिक : व्हिएतनामीचं कूळच वेगळं, चिनी बोली एका पोटच्या आहेत. आणि ते नातं अक्षरातच दिसतं. ‘देश’ या अर्थाचं अक्षर घ्या. बीजिंगला त्याचा उच्चार ‘क्वो’, ग्वांगचौला ‘क्वोक’, श्यामेनला ‘कोक’. ‘दहा’चं अक्षर बीजिंगला ‘श’, ग्वांगचौला ‘सप’, श्यामेनला ‘चाप’. शेवटी प, त, क ही व्यंजनं तोडून म्हणायची जुनी रीत दक्षिणेने टिकवली, बीजिंगने घालवली. बर्नहार्ड कार्लग्रेन या स्वीडिश अभ्यासकाने 601 साली तयार झालेला यमकांचा कोश एका हाताशी आणि या जिवंत बोली दुसऱ्या हाताशी घेऊन हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या उच्चारांची मांडणी केली. अक्षर एक राहिलं नसतं तर हे धागे इतक्या सहज हाती लागले नसते. थांग काळातल्या कवितांची यमकं आज बीजिंगच्या उच्चारात कितीतरी ठिकाणी जुळत नाहीत, कँटनीजमध्ये जुळतात. हे सगळं एकाच घराचं धन आहे.

चिकित्सक : हा मुद्दा माझ्याच बाजूने बोलतो. चिनी अक्षर म्हणजे अर्थाचं चित्र, त्याला ध्वनीशी देणंघेणं नाही, ही समजूत तुम्हीच आता मोडलीत. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. मोठ्या नदीसाठी जे अक्षर आहे, त्यात डावीकडे पाण्याची खूण आहे आणि उजवीकडे ‘काम’ या अर्थाचं अक्षर, निव्वळ उच्चारासाठी घेतलेलं. बीजिंगला ‘काम’ला ‘कुंग’ म्हणतात आणि नदीला ‘च्यांग’. मुलाला कळतच नाही की हा भाग इथे का बसवलाय. कँटनीजमध्ये तेच शब्द ‘कुंग’ आणि ‘काँग’. तिथे अक्षर अजून बोलतं. मग ज्या बोलीत अक्षराचा ध्वनी शाबूत आहे, तिच्याच शब्दांना लिहिण्यात जागा नाही, हे कसं?

आणि अर्थही जागेवर राहत नाही. एक अगदी रोजचं अक्षर, बीजिंगचा उच्चार ‘चोउ’, आपल्या ‘चाका’तला च. बीजिंगला त्याचा अर्थ चालणे, ग्वांगचौला धावणे, पळणे. दक्षिणेचा अर्थ जुना आहे. चालण्यासाठी कँटनीज माणूस ‘हांग’ म्हणतो आणि त्यासाठी वेगळं अक्षर वापरतो. एकच पाटी दोघांनी वाचली आणि एक चालू लागला, दुसरा पळत सुटला, असं होत नाही, कारण दुसऱ्याला शाळेत शिकवलेलं असतं की कागदावर बीजिंगचा अर्थ धरायचा.

रसिकाची अडचण इथे स्पष्ट होते आणि त्याने ती टाळलेली नाही. अक्षरांनी चीन जोडला, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकांपर्यंत इतक्या वेळा छापलं गेलंय की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. तपासायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावं लागतं.

रसिक : तुम्ही बीजिंगच्या वर्चस्वाची तक्रार करता. पण दोन हजार वर्षं तसं नव्हतं. तेव्हा लिहायची ती वनयान, अभिजात चिनी. ती कुणाच्याच तोंडात नव्हती. सूचौचा विद्वान असो की शान्सीचा, दोघांनाही ती सारख्याच कष्टाने शिकावी लागे आणि प्रत्येक जण ती आपापल्या उच्चारात वाचे. परीक्षेत कुणाची मातृभाषा पुढे, कुणाची मागे, असा भेद नव्हता. मग 1917मध्ये हू शी यांनी ‘नवे तारुण्य’ या मासिकात लिहिलं की साहित्य बोलीभाषेत व्हायला हवं. 1918मध्ये लू शुन यांची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा आली, 1919मध्ये विद्यार्थ्यांची चळवळ रस्त्यावर आली. बोलता तसं लिहा, ही घोषणा किती मोकळी, किती न्याय्य होती! मूठभर पंडितांच्या हातून लेखणी सुटून सामान्यांच्या हाती यावी म्हणून ती माणसं झटली. त्यांच्या हेतूवर शंका घेता येणार नाही.

चिकित्सक : हेतूवर नाही घेत. ‘बोलता तसं लिहा’ हे सांगताना कोण बोलतं तसं, हे सांगायचं राहिलं, एवढंच म्हणतो. लू शुन स्वतः शाओशिंगचे, वू बोलीत वाढलेले. त्यांनी आपल्या आईच्या बोलीत लिहिलं नाही.

याआधीच, 1913मध्ये, उच्चार एक करण्यासाठी बीजिंगला सरकारी परिषद भरली होती. त्या बैठकीचा वृत्तान्त वाचला की प्रश्न किती कठीण होता ते कळतं. च्यांगसू आणि चच्यांग या दक्षिणेकडच्या प्रांतांचे सदस्य संख्येने जास्त, म्हणून उत्तरेकडच्यांनी आग्रह धरला की दर प्रांताला एकच मत. एकेका अक्षराचा उच्चार मतदानाने ठरवायचा, अशी साडेसहा हजारांच्या वर अक्षरं. दक्षिणेकडचा एक सदस्य आपल्या बोलीत रिक्षाला काय म्हणतात ते बोलला, उत्तरेकडच्या एकाला ती शिवी वाटली आणि तो बाह्या सरसावून अंगावर धावून गेला, असाही प्रसंग सांगितला जातो. शेवटी जो राष्ट्रीय उच्चार ठरला त्यात उत्तरेचा पाया होता आणि दक्षिणेची जुनी तोडीव व्यंजनंही मानलेली होती. तो कुठल्याच गावात कुणी बोलत नव्हतं. शिकवायला शिक्षक मिळेनात. 1932च्या सरकारी शब्दसंग्रहात सरळ बीजिंगचा उच्चार प्रमाण धरला गेला. 1956मध्ये चीनच्या लोक गणराज्याने ‘पुतोंगह्वा’ची, म्हणजे सामाईक बोलीची व्याख्या केली : उच्चार बीजिंगचा, पाया उत्तरेच्या बोलींचा, व्याकरण नव्या बोलीभाषेतल्या नमुनेदार ग्रंथांचं.

रसिक : मग यातून काय निघतं ते पाहा. कुणाचीच नसलेली भाषा ठेवली तर ती सगळ्यांना सारखी, पण ती शिकायला आयुष्य लागतं आणि शिकतात मूठभर. कुणाची तरी जिवंत भाषा घेतली तर कोट्यवधी शिकतात, पण कुणीतरी घरचा ठरतो आणि बाकीचे पाहुणे. 1913च्या परिषदेने मधली वाट काढून पाहिली, ती चालली नाही. यात लिपीचा दोष कुठे? रोमन लिपी घेतली असती तरी हाच पेच पडला असता.

चिकित्सक : पेच पडला असता, पण झाकला गेला नसता. 1892मध्ये हान बांगछिंग यांनी शांघायच्या कलावंतिणींच्या जगावर एक कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात केली. निवेदन प्रमाण भाषेत, संवाद मात्र सूचौच्या वू बोलीत. त्या बोलीतल्या काही शब्दांना अक्षरच नव्हतं, म्हणून त्यांनी दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून नवं घडवलं. ‘नको’ला एक, असं. ज्यांनी ती वाचली त्यांनी वाखाणली, हू शींनी वाखाणली. पण वू न येणाऱ्या चिनी वाचकाला ती पेलेना. शेवटी लेखिका आयलीन चांग यांनी ते संवाद मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत आणले. चिनी कादंबरीचं चिनीत भाषांतर! एक लिपी सर्वांना जोडते, तर हे भाषांतर कशासाठी लागलं?

आपल्याकडे ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952मध्ये छापली गेली. लेवा बोलीतले शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला सगळे कळले नसतील, पण त्या कशा बोलत होत्या ते देवनागरीने जसंच्या तसं त्याच्या कानापर्यंत पोहोचवलं. ध्वनीची लिपी बोलीला दार उघडून देते. चिनी अक्षर आधी विचारतं, या शब्दाची नोंद कुठे आहे?

रसिक : देवनागरीने दार उघडलं तरी घराचा वाद मिटला का? कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर किती शाई सांडली! 1975मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, 1992मध्ये आठव्या अनुसूचीत नाव आलं. गोव्याच्या 1987च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं लिहिलंय, आणि रोमी लिपीत लिहिणारे आजही बाहेर राहिल्याची खंत बोलून दाखवतात. ध्वनीची लिपीसुद्धा माणसं वगळू शकते.

आणि चिनी अक्षरांत बोली लिहिता येत नाही, हेही पूर्ण खरं नाही. हाँगकाँगमध्ये कँटनीज लिहिली जाते. जाहिरातीत, व्यंगचित्रांत, वर्तमानपत्रांच्या हलक्याफुलक्या पानांत, मित्रांच्या निरोपांत. तिची स्वतःची अक्षरं आहेत. ‘नाही’ या अर्थाचं एक तर पाहण्यासारखं आहे : ‘असणे’च्या अक्षराच्या पोटातल्या दोन आडव्या रेघा पुसून टाकल्या की झालं ‘नसणे’. हाँगकाँग सरकारने 1999मध्ये संगणकासाठी पुरवणी अक्षरसंच काढला, त्यात अशी कितीतरी अक्षरं आली. एका बोलीला जमलं, ते दुसरीला का जमणार नाही? तेव्हा अडथळा अक्षराचा नाही. शाळा, छापखाना आणि सरकार कुणाच्या हातात आहे, याचा आहे.

इथे रसिक ज्या जागी पोहोचला, ती त्याच्या पहिल्या वाक्यापासून बरीच दूर आहे. अक्षर आपोआप जोडतं, असं तो आता म्हणत नाही. जोडणाऱ्याच्या हाती सत्ता लागते, असं म्हणतो.

चिकित्सक : सत्ता नसलेल्यांनी काय केलं, ते सांगतो. हुनानच्या च्यांगयोंग परगण्यात बायकांनी स्वतःची लिपी चालवली, न्यूशू. शाळेची दारं त्यांना बंद होती. काही शे खुणा, बारीक, तिरप्या, लांबट; प्रत्येक खूण एका अक्षरोच्चाराची, आणि उच्चार तिथल्याच गावबोलीचा. पोरींच्या मानलेल्या बहिणी असत. एकीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी तिच्या सासरी कापडी वेष्टणाची एक वही जाई. पहिल्या काही पानांवर आईने, मैत्रिणींनी न्यूशूत लिहिलेला निरोप, दुःख, आशीर्वाद. उरलेली पानं कोरी, तिने लिहावं म्हणून. मध्ये भरतकामाचे नमुने ठेवायला जागा. पंख्यांवर, रुमालांवरही लिहीत. यांग ह्वानयी या आजी 2004मध्ये वारल्या. जुन्या परंपरेत ती लिपी शिकलेल्या त्या शेवटच्या मानल्या जातात. एका कोपऱ्यातल्या बायकांनी हजारो अक्षरांच्या लिपीला वळसा घालून आपलं बोलणं आपल्यासाठी लिहिलं. चीनच्या लेखनाचा इतिहास सांगताना हे तळटीपेत टाकलं जातं, याचा राग यायला हवा.

तैवानमध्येही तसंच. ताइनान शहरात 1885मध्ये मिशनऱ्यांनी तिथल्या होक्क्येन या मिन कुळातल्या बोलीत, रोमन लिपीतलं वर्तमानपत्र सुरू केलं. अक्षरं न येणारी माणसं काही महिन्यांत ते वाचू लागली. आणि किर्गिझस्तान-कझाकस्तानातले दुंगान लोक तर उत्तर चिनी बोलीच सिरिलिक लिपीत लिहितात. कविता लिहितात, कथा लिहितात. एकही चिनी अक्षर न वापरता.

रसिक : दुंगानांचं उदाहरण पुढेही पाहा. 1870च्या दशकात तिथल्या मुस्लिमांचं बंड मोडल्यावर ते गान्सू-शान्शीतून पळाले. आज त्यांनी छापलेलं पुस्तक गान्सूच्या चुलत्याला वाचता येत नाही आणि चुलत्याचं पत्र यांना वाचता येत नाही. बोलले तर बरंच कळतं, लिहिलं तर काहीच नाही. बीजिंग-ग्वांगचौच्या बरोबर उलट! ध्वनीच्या लिपीची ही किंमत आहे. 1958मध्ये पिनयिन ही रोमन पद्धत मंजूर झाली. चौ यौग्वांग यांनी ती घडवायला मोठा हातभार लावला. तेव्हाही पंतप्रधान चौ एन लाय यांनी स्पष्ट केलं की ती अक्षरांची जागा घेण्यासाठी नाही, उच्चार शिकवण्यासाठी आहे. काही विचार करूनच ते थांबले असतील.

आणि पुतोंगह्वाबद्दल एवढी नाराजी कशासाठी? क्वेइचौच्या डोंगरातली मुलगी शनचनच्या कारखान्यात येते, तिची मैत्रीण हुनानची, मुकादम हनानचा, दवाखान्यातली डॉक्टर ग्वांगतोंगची. यांनी एकमेकांशी कशात बोलायचं? 2020च्या जनगणनेत निरक्षरता 2.67 टक्क्यांवर आलेली दिसते. हे एका सामाईक भाषेच्या शाळेशिवाय झालं नसतं. बोलीचा अभिमान ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला परवडतो.

चिकित्सक : सामाईक भाषा हवीच. ती दुसरी भाषा म्हणून शिकवा, पहिली पुसून नको. सिंगापूरने 1979मध्ये ‘मँडरिन बोला’ मोहीम काढली. होक्क्येन, तिओच्यू, कँटनीज, हक्का मागे पडल्या, दूरदर्शनवरून गेल्या. 1980मध्ये निम्म्याहून जास्त घरांत या बोली चालत. 2020च्या जनगणनेत हा आकडा 8.7 टक्के. कित्येक घरांत आजी एका भाषेत बोलते आणि नातवंडं दुसरीत. हक्का हे नाव आपल्याला नूडल्समुळे माहीत. ती बोली कोलकात्याच्या चिनी घरांमध्येही आहे, आणि तिथेही ती म्हाताऱ्यांच्या तोंडी उरत चालली आहे. ग्वांगचौमध्ये जुलै 2010मध्ये दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पुतोंगह्वात न्यावेत अशी सूचना पुढे आली, तेव्हा लोक रस्त्यावर आले. त्यांतल्या कुणाला पुतोंगह्वा येत नव्हती म्हणून नव्हे.

आता मोबाइल बघा. मुख्य भूमीवर बहुतेक जण पिनयिनने टंकतात : पुतोंगह्वातला उच्चार रोमनमध्ये टाका, अक्षर निवडा. म्हणजे अक्षरापर्यंत जायची वाटच आता बीजिंगच्या उच्चारातून जाते. उच्चारावर अवलंबून नाही म्हणून तुम्ही जी लिपी वाखाणलीत, ती एका उच्चाराला बांधली गेली आहे.

रसिक : मुख्य भूमीवर. हाँगकाँगमध्ये आकारावरून टंकायची, 1976मध्ये तयार झालेली छांगच्ये पद्धत चालते, कँटनीज उच्चारावरूनही टंकता येतं. तैवानमध्ये एके काळी शाळेत होक्क्येन बोलल्याबद्दल मुलांना दंड होई, गळ्यात पाटी अडकवत. तिथे 2018च्या कायद्याने होक्क्येन, हक्का आणि मूळनिवासींच्या भाषा मँडरिनच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा ठरल्या. पाठ्यपुस्तकात होक्क्येन अक्षरांतही असते आणि रोमनमध्येही. अक्षरं तीच, समाज बदलला. तेव्हा चिनी अक्षरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

चिकित्सक : नाही करत. त्यांना निर्दोष सोडताना एक साक्ष मात्र नोंदवून घ्या. मुख्य भूमीच्या शिक्षण मंत्रालयाने 2020मध्ये जाहीर केलं की 80.72 टक्के लोकांपर्यंत पुतोंगह्वा पोहोचली आहे. उरलेले सुमारे 27 कोटी होतात. त्यांच्यातल्या चिनी बोली बोलणाऱ्यांना आपली बोली लिहायला शिकवणारी शाळा नाही. आणि 2001पासून लागू झालेल्या भाषा कायद्याच्या 16व्या कलमानुसार आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर बोली वापरायची असेल, तर वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागेल असं ठरलं.